आधी प्लग, मग गाडी, मग छत: कोल्हापुरात इलेक्ट्रिक गाडी आणि सोलर पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

घरात इलेक्ट्रिक स्कूटर येऊन चारच दिवस झाले होते. रात्री साडेअकराला आई म्हणाली, "कसला रे वास येतोय?" हॉलच्या खिडकीतून अंगणात सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग काढला, तर एक पिन तपकिरी झालेली आणि भोवतीचं प्लास्टिक मऊ पडून वाकलेलं. चार्जर मात्र ठणठणीत. दुसऱ्या दिवशी वायरमन आले, बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाले, "गाडी नवी हाय दादा, तुमचा बोर्ड म्हातारा झालाय."

चार्जर ओढत होता जेमतेम चार अँपिअर. त्या सॉकेटवर मिक्सर चालायचा, इस्त्रीही चालायची. पण मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि चार्जर सलग पाच तास. सॉकेटमधली पितळी पट्टी ढिली झाली असेल, तर दोन मिनिटांत काही कळत नाही. पाच तासांत कळतं.

मी सगळं उलट्या क्रमाने केलं होतं: आधी शोरूम, मग घरी येऊन प्लगची शोधाशोध, आणि बिल तर पहिल्यांदा नीट वाचलं दोन महिन्यांनी. तुम्ही सरळ क्रमाने जा. आमच्या कोल्हापुरात 'गाडी' म्हटलं की दुचाकी, म्हणून या लेखातही आधी दुचाकी आणि मग चारचाकी.

पायरी १: बिल उलटून बघा

महावितरणच्या बिलावरची रक्कम आणि शेवटची तारीख बघितली की आपण ते फ्रिजवर ठेवून देतो. आता त्यावरच्या चार गोष्टी बघायच्या: मागच्या बारा महिन्यांचा वापर, मंजूर भार (म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे), सिंगल फेज की थ्री फेज, आणि बिल कुणाच्या नावावर आहे. चौथी गोष्ट आत्ता किरकोळ वाटेल, पण सोलरच्या वेळी गाडं नेमकं तिथंच अडतं.

घरगुती दर टप्प्यांचे असतात: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि ५०० च्या वर चौथा. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, शिवाय १६ टक्के वीज शुल्क असं सगळं धरलं, तर हिशेबासाठी मी पहिल्या टप्प्याचं युनिट ७ रुपये, दुसऱ्याचं १३ आणि तिसऱ्याचं १७ रुपये धरतो. दर बदलत राहतात, तुमच्या ताज्या बिलावरून तुमचे आकडे काढा.

इथं दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढून गाडीचा खर्च मांडणं. घरातली ट्यूबलाइट, फ्रिज, पंखा यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच खाल्लेले असतात. गाडीची युनिटं त्यांच्या वर रचली जातात, म्हणजे शेवटच्या, महागड्या टप्प्यात. महिन्याला १८० युनिट वापरणाऱ्या घराला गाडीचं प्रत्येक युनिट १३ रुपयांनीच पडणार. दुसरी चूक याच्या उलट, भीतीची. "शंभर ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात" हे मी कट्ट्यावर इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद सोडली. तसं होत नाही. ओलांडलेल्या युनिटांनाच वरचा दर लागतो.

बिल हातात आहे तोवर आणखी एक. आंघोळीसाठी रोज इलेक्ट्रिक गिझर चालत असेल, तर गाडीच्या आधी त्याच्याकडे बघा. कोल्हापुरात "आमच्यात सोलर आहे" म्हणजे बहुतेक वेळा गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर असतो, वीज बनवणारा नव्हे. तो बसवला की दुसऱ्या टप्प्यातली बरीच युनिटं बिलातून निघून जातात आणि गाडीला जागा होते.

पायरी २: आठवडाभर किलोमीटर लिहा

अंदाज नको, वही घ्या. मी फुलेवाडीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातो. येताना कधी लक्ष्मीपुरीतून किराणा, कधी मुलीला क्लासवरून आणणं. मला वाटायचं दिवसाला पन्नास किलोमीटर होत असतील. वहीत निघाले पस्तीस.

आता हिशेब. पेट्रोल १०५ रुपये धरू, शहरात जुनी स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरू. म्हणजे किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे. इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॉट-तास वीज खाते. चार्ज करताना चार्जर गरम होतो, बॅटरी गरम होते, त्यात काही वाया जाते, म्हणून मीटरवर ३५ धरा (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). १३ रुपयांच्या युनिटने किलोमीटर पडतो ४५-४६ पैशांना.

दिवसाला ३५ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ९१० किलोमीटर. पेट्रोलचे २,१२० रुपये, विजेची ३२ युनिटं म्हणजे सुमारे ४१५. महिन्याला १,७०० रुपये वाचतात. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिकला ३० हजार जास्त मोजले असतील, तर ते दीड वर्षात वसूल.

आता माझ्या मेव्हण्याचा हिशेब बघा. राहायला मंगळवार पेठेत, दुकान महाद्वार रोडच्या बाजूला. दिवसाला फार तर दहा किलोमीटर. त्याचे महिन्याला ४९० रुपये वाचतील, म्हणजे तेच ३० हजार वसूल व्हायला पाच वर्षं. तोवर बॅटरीची वॉरंटी संपत आलेली असेल. त्याला मी सांगितलं, "दाजी, तुमची जुनी गाडीच बरी." त्याने ऐकलं नाही, घेतली. आवाज नाही, किक नाही, पंपावर रांग नाही, म्हणून खूश आहे. तेही एक कारणच आहे, पण मग ते पैसे सोयीचे आहेत, बचतीचे नव्हेत, एवढं स्वतःशी कबूल करायचं.

देखभालीचा फरक लहान आहे पण खरा. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. टायर आणि ब्रेक मात्र तसेच झिजतात. जुनी इलेक्ट्रिक गाडी विकायला गेल्यावर बॅटरीच्या वयामुळे किंमत पाडून मागतात, तेही हिशेबात धरा.

पायरी ३: प्लग

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा.

स्वतःचं घर आणि अंगण असेल तर काम सोपं. वायरमनला सांगून मुख्य बोर्डापासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन ओढून घ्या, मधे कुठलंही दुसरं उपकरण नको. नुसत्या स्कूटरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, पण मी ४ ची टाकली. उद्या चारचाकी आली तर भिंत पुन्हा फोडायला नको. त्यावर १६ अँपिअरचं चांगल्या प्रतीचं सॉकेट, योग्य एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच लाइन तोडणारा स्विच. हा आरसीसीबी टाळून पैसे वाचवू नका. पावसात ओल्या हाताने प्लग धरणाऱ्या माणसाचा जीव त्यावर असतो. सॉकेट छताखाली, झाकणाचं आणि छातीच्या उंचीवर.

मग अर्थिंग. पुष्कळ चार्जर अर्थिंग कच्चं असेल तर लाल दिवा दाखवून बसतात, चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि माणूस गाडीला नावं ठेवतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. त्यात बादलीभर पाणी ओतणं हा तात्पुरता उपाय, केमिकल अर्थिंग हा कायमचा.

मंजूर भारही बघा. स्कूटरचा चार्जर पाऊण ते एक किलोवॉट घेतो. बिलावर मंजूर भार एक किलोवॉट असेल आणि त्याच वेळी घरात गिझर आणि इंडक्शन चालत असेल, तर महावितरणच्या संकेतस्थळावरून भारवाढीचा अर्ज करून टाका. आपल्या घरगुती मीटरवरून आपली गाडी चार्ज करायला काही अडकाठी नाही, त्यासाठी वेगळं कनेक्शन घ्यावंच लागतं असं नाही.

अपार्टमेंटमध्ये खरा गुंता विजेचा नसतो, माणसांचा असतो. ताई राजारामपुरीत राहते. तिच्या इमारतीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा सभेत एकच प्रश्न तासभर चालला: "तुमची गाडी आमच्या बिलावर का?" उत्तर सोपं होतं. मीटर रूम तळमजल्यावरच असते. तिथल्या स्वतःच्या मीटरमधून स्वतःच्या पार्किंगपर्यंत पाइपातून केबल ओढायची, टोकाला कुलपाची पेटी. वीज स्वतःच्या बिलात, कुणाचा रुपया नाही. सोसायटीचा लेखी ठराव किंवा ना हरकत पत्र घ्या, आणि केबल कुठून जाणार याचा साधा नकाशा अर्जाला जोडा. नकाशा बघितला की निम्मे विरोधक गप्प होतात. चार-पाच जणांकडे गाड्या असतील तर सोसायटीने चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेणं चांगलं.

पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्यांसाठी एक कडक सूचना. बोळातून आत जायचा एकच रस्ता, लाकडी माळवद, जिन्याखाली गाडी आणि तिथंच चार्जिंग, असं करू नका. बॅटरीला आग लागणं दुर्मीळ आहे, पण लागलीच तर तुमची बाहेर पडायची वाट तीच असते. चार्जिंग उघड्यावर, गॅस सिलिंडरपासून लांब. काढता येणारी बॅटरी झोपायच्या खोलीत नेऊन रात्रभर लावायची सवयही नको.

आणि भाड्याच्या घरात प्लग मिळत नसेल तर? मग थांबा. नुसत्या सार्वजनिक चार्जरवर स्कूटर पोसायची म्हणजे रोज पाण्यासाठी टँकर बोलवण्यासारखं आहे.

पायरी ४: आता शोरूम

जाहिरातीतली रेंज चाचणीतली असते. रस्त्यावर तिच्या ७० ते ७५ टक्के धरा. बॅटरी किती किलोवॉट-तासांची आहे ते विचारा आणि ३३ ने गुणा, तेवढे किलोमीटर मिळतील. ३ किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे शंभरच्या आसपास.

टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. मागे माणूस बसवून टेंबलाई टेकडीचा चढ चढवा. "पन्हाळ्याला जाईल का?" हा कोल्हापूरकराचा पहिला प्रश्न असतो, त्याचं उत्तर आकड्यात देतो. शहरापासून पन्हाळा वीस किलोमीटर आणि सुमारे चारशे मीटर उंच. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो वजन तेवढं वर न्यायला सपाटीपेक्षा एक तृतीयांश युनिट जास्त लागतं, म्हणजे साधारण दहा-अकरा किलोमीटरची रेंज. वाघबीळाच्या पुढे बॅटरीचा आकडा झरझर उतरायला लागला की घाबरू नका. येताना उतारावर थोडी वीज परतही मिळते. पूर्ण बॅटरी शंभर किलोमीटरची असेल तर पन्हाळा आणि येताना जोतिबा, दोन्ही आरामात.

बॅटरी एलएफपी प्रकारची आहे की एनएमसी, ते विचारा. एलएफपी जड असते पण उष्णतेला आणि पूर्ण चार्जिंगला जास्त सोसते. एनएमसी रोज ८० टक्क्यांवर थांबवलेली बरी. वॉरंटीत वर्षं आणि किलोमीटर अशा दोन्ही मर्यादा असतात, आणि जी आधी संपेल ती खरी. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार, हे कागदावर दाखवायला सांगा. चार्जर किमतीत धरलाय का, आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरातच आहे का, हेही विचारा. नंतर गाडी टेम्पोत घालून दुसऱ्या शहरात न्यायला कुणालाच आवडत नाही.

सवलतींच्या बाबतीत जुने लेख आणि जुने व्हिडिओ फसवतात. केंद्राची फेम-२ ही सवलत योजना ३१ मार्च २०२४ ला संपली. १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली, तिच्यात दुचाकीला आधी किलोवॉट-तासाला ५,००० रुपये होते, एप्रिल २०२५ पासून ते २,५०० झाले होते. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी दीड लाखापर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. ती आजही मिळते असं कुणी सांगत असेल तर त्याचं बाकीचं बोलणंही तपासून घ्या. इलेक्ट्रिक गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे. ऑन रोड किमतीचा फोडलेला तक्ता हातात घ्या आणि सवलत लागू असेल तर ती त्यात वजा झाल्याचं डोळ्यांनी बघा.

"लायसन नको, पासिंग नको" म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या: मोटार २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तरच ही सूट आहे. तीच गाडी दुकानदार "पन्नासनं पळते" म्हणत असेल, तर ती नोंदणीविना रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याचा आधार नाही. बाकी सगळ्यांना एमएच ०९ ची हिरवी पाटी लागतेच.

पायरी ५: जूनच्या आधी

पावसात गाडी चालते. साचलेल्या पाण्यातूनही थोडीफार जाते. पण बॅटरीवर लिहिलेलं आयपी ६७ म्हणजे ठरावीक खोलीच्या पाण्यात ठरावीक वेळ, आणि तेही नव्या, न ठोकलेल्या बॅटरीसाठी. महापुरात दोन दिवस बुडून राहण्यासाठी नव्हे. गाडी धुताना प्रेशरचा फवारा मोटार आणि चार्जिंगच्या तोंडावर मारू देऊ नका.

२०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, दुधाळी, सुतार मळा, रमणमळा या भागांतल्या पुष्कळ भिंतींवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते. तुमच्या घरी ती रेघ असेल तर सॉकेट, बोर्ड आणि पुढे सोलरचा इन्व्हर्टर, सगळं तिच्या वर बसवा. खालच्या मजल्यावर ते शक्य नसेल तर जिन्यातून लाइन वर न्या.

इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पेट्रोल गाडीवाले ४३ ची वाट बघत बसतात. तुम्ही ३९ लाच बॅटरी पूर्ण भरून गाडी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवा, कारण पाणी शिरलं की त्या भागाची लाइट आधी बंद करतात आणि मग चार्जिंग नाही. गाडी पाण्यात राहिलीच, तर पाणी ओसरल्यावर सुरू करून बघू नका आणि चार्जरही लावू नका. टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला, आणि तोवर घरापासून लांब मोकळ्यावर. विमा घेताना बॅटरीचं जादा कवच पुराच्या नुकसानीला लागू आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

पायरी ६: चारचाकीचा विचार असेल तर

इथं माझा अनुभव नाही, ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या हिशेबाच्या वहीवरून लिहितोय. महिन्याला १,००० किलोमीटर. पेट्रोलची गाडी १५ चं मायलेज देत असेल तर ७,००० रुपये. इलेक्ट्रिक कार मीटरवरच्या एका युनिटात सहा किलोमीटर जाते असं धरलं, तर १६७ युनिटं. घराची आधीची १८० मिळवली की ३४७. म्हणजे गाडीची १२० युनिटं दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेली ४७ तिसऱ्यात, मिळून २,३५० च्या आसपास. बचत साडेचार हजारांची, पण दोन गाड्यांच्या किमतीतला फरकही लाखांत असतो. साडेतीन लाखांचा फरक असेल तर वसुलीला सहा वर्षांहून जास्त.

१६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर कार रात्रभरात भरते, शंभरेक किलोमीटर रोजचे असतील तरी पुरते. त्याहून वेगवान ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर घ्यायचा तर बहुतेक घरांना थ्री फेज करून घ्यावं लागतं, आणि त्यात दर महिन्याचा स्थिर आकार बराच वाढतो. रोज शहरातच फिरणाऱ्याला त्याची गरज नाही, विक्रेता काहीही म्हणो.

रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिट घरापेक्षा बरंच महाग पडतं, वर १८ टक्के जीएसटी. पुण्याचे २३० किलोमीटर असतील तर कराड किंवा साताऱ्यात चहाला थांबून अर्ध्या तासात काम होतं. कोकणात उतरणाऱ्यांनी मात्र आंबा किंवा गगनबावड्याच्या अलीकडेच बॅटरी भरून घ्यावी, आणि जिथं जाणार तिथं मुक्कामी १६ अँपिअरचा प्लग आहे का, हे फोन करून विचारावं. दर आठवड्याला रत्नागिरी गाठणाऱ्याला मी आज तरी डिझेलच सुचवेन.

पायरी ७: छत सगळ्यात शेवटी

गाडी घेऊन निदान चार-सहा महिने जाऊ द्या. खरा वापर बिलात दिसू लागला की सोलर किती किलोवॉटचा हे आपोआप ठरतं. आधी सोलर घेणारे अंदाजाने मोठा घेतात आणि विक्रेता त्यांना अडवत नाही.

एक किलोवॉट सोलर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटं देतो, जागा लागते शंभर चौरस फूट सावली नसलेली. शेजारचा नारळ, पाण्याची टाकी, जिन्याची खोली यांची सावली डिसेंबरच्या दुपारी कुठवर येते ते बघून ठेवा, तेव्हा सूर्य खाली असतो. तोंड दक्षिणेला, कल साधारण सतरा अंश. कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावर चढवण्याआधी वासे आणि कैच्या सुताराला दाखवा.

आमचा वापर घराचा १८० आणि गाडीचा ३२, म्हणजे महिन्याला २१२, वर्षाला अडीच हजार युनिटं. दोन किलोवॉट वर्षाला २,८०० च्या आसपास देतो. विक्रेता तीनचा आग्रह धरत होता, कारण प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं ७८,००० पर्यंत आहे. मी दोनवर थांबलो, ६०,००० मिळाले, खिशातून गेले ८५ हजार. वर्षाला वाचतात पंचवीस हजार. तीनचा घेतला असता तर तिसऱ्या किलोवॉटची वीज मला लागलीच नसती.

उरलेली वीज विकून पैसे मिळतील या आशेवर राहू नका. नेट मीटरमध्ये, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला हिशेब बंद होतो आणि शिल्लक युनिटांचे पैसे फार कमी दराने मिळतात. आपल्याकडे याला आणखी एक पीळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येतं, कधी त्याहून खाली. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळा खातो, आणि ऑक्टोबर ते मार्चची शिल्लक मार्चअखेर अडकते. म्हणून वर्षाच्या वापराच्या आसपासचाच घ्या.

अर्जाआधी बिलावरचं नाव. पेठेतल्या किती घरांची बिलं अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर येतात! अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येतं, त्यामुळे आधी मीटर स्वतःच्या नावावर करून घ्या. मग सूर्यघर पोर्टलवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, यादीतला विक्रेता निवडायचा, पुढे बसवणं, नेट मीटर, तपासणी आणि शेवटी अनुदान. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचेच, म्हणजे डीसीआर लागतात, नाहीतर अनुदान अडकतं. विक्रेत्याला पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्यावरच. माझ्याकडून एका विक्रेत्याने सगळे पैसे आगाऊ मागितले होते. त्याला चहा पाजून परत पाठवला.

लाइट गेली की हा सोलर भर दुपारीही बंद पडतो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरची वीज लागू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लाइट गेल्यावरही चालायला हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड घ्यावा लागतो, आणि खर्च फार चढतो. माझ्या मते घरगुती वापरात तो परवडत नाही.

साफसफाईचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पुण्या-मुंबईचे लोक पॅनेलवरच्या धुळीबद्दल बोलतात. आपल्याकडे उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या आसपास चिपाडाची काळी राख पडते. सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर दिसते तीच. ती दवाने चिकटून बसते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. नोव्हेंबर ते मार्च आठवड्याला एकदा, उन्हं चढायच्या आत, मऊ पुसणीने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. पहिल्या हिवाळ्यात मी तीन आठवडे पुसलं नव्हतं. पुसल्याच्या दुसऱ्या दिवशी ॲपवर साडेसहाच्या जागी आठ युनिटं दिसली.

दर महिन्याच्या एक तारखेला नेट मीटरवरचे दोन आकडे वहीत लिहा: आत किती आली आणि बाहेर किती गेली. गेल्या मार्चमध्ये वहीवरून दिसलं की आमची ८७ युनिटं शिल्लक राहून जवळपास फुकट जाणार. आईला सांगितलं. तिने गॅसची शेगडी पुसून बाजूला ठेवली आणि माळ्यावरची इंडक्शन खाली काढायला लावली. पाडव्याच्या पुरणाची डाळ त्या वर्षी इंडक्शनवर शिजली.